खळ्यातले ठसे

सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. शेजारच्या शेतातले दत्तूभाऊ मंत्री झाल्यावर पहिल्यांदाच स्वतःच्या शेतावर आले. मळणीसाठी नुकतंच सारवलेलं खळं दिसताच वाकले आणि बुटाची नाडी सोडू लागले. पूर्वी मी एकदा चपलांनिशी या खळ्यात शिरलो, तेव्हा हेच माझ्यावर ओरडले होते, "अरे, धान्याची जागा आहे ही!"

"साहेब, उशीर होतोय," सोबतचा अधिकारी म्हणाला.

दत्तूभाऊंनी नाडी पुन्हा बांधली आणि खळं तुडवत पलीकडे उभ्या गाडीत जाऊन बसले.

माणूस पार बदलला म्हणावं, तर तो वाकला कशाला? आणि नाही म्हणावं, तर हे ठसे कुणाचे?

मला राहवेना. ओल्या सारवणावरचे ठसे पुसायला बसलो, तशी दत्तूभाऊंची बायको शेतावरच्या घरातून धावत आली.

"राहू द्या भावजी," वहिनी म्हणाल्या. "घरी आले ते एवढेच."