फुगणाऱ्यांच्या रांगेत सोनवणेबाई

माणसाची ओळख करून दिली की सोनवणेबाई त्याचं नाव, गाव, हुद्दा यांतलं काहीही मनावर घेत नसत. माणूस पाठमोरा झाला की हळूच विचारत, "फुगणारा आहे की न फुगणारा?" आमच्या फाउंड्रीतल्या समस्त साहेबलोकांची त्यांनी अशी वर्गवारी करून ठेवली होती, आणि पर्सोनेल खात्याने केलेल्या वर्गवारीपेक्षा ती पुष्कळ भरवशाची होती.

बाई आमच्या वाळूच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. चिंचवडच्या त्या फाउंड्रीत लोखंड ओतायचे साचे वाळूचे असत. वाळूने वाळूला धरून राहावं म्हणून तिच्यात बेंटोनाइट नावाची माती आणि बेताचं पाणी कालवत. माती खोटी निघाली की साचा ढासळे, पाणी जास्त झालं की मालात पोकळ्या राहत. मी मोल्डिंगचा सुपरवायझर, त्यामुळे माझी निम्मी शिफ्ट बाईंच्या दारात जाई. त्या रुजू झाल्या त्या दिवशी वर्क्स मॅनेजर त्यांना प्रयोगशाळा दाखवत म्हणाले होते, "यात फारसं काही नाही हो. शेवटी माती ती माती."

"बरोबर आहे साहेब," बाई म्हणाल्या. "उद्या कपबशीच्या मातीचा साचा करून बघू. घरून एक बशी घेऊन या."

साहेब हसले. त्यांना वाटलं, नवीन बाई विनोदी आहे.

मातीला रंगावरून ओळखणाऱ्यांचा बाईंना विलक्षण तिटकारा होता. "रंग हा गिऱ्हाइकासाठी असतो," त्या म्हणत. "माती कोण आहे ते तिच्या आत थर कसे लागलेत त्यावर ठरतं." मग कँटीनमध्ये पोळ्या एकावर एक रचून त्या आम्हाला थर शिकवत. चिनी माती म्हणजे केओलिनाइट. तिचे थर एकमेकांना असे घट्ट धरून बसलेले की मध्ये पाणी शिरत नाही. कोकणात पाऊस धो धो पडतो, काळ्या खडकातलं विरघळण्यासारखं सगळं वाहून जातं, तिथे ही तयार होते. आपल्याकडे त्याच काळ्या खडकावर पाऊस कमी, पाण्याला निचरा नाही, म्हणून मॉन्टमोरिलोनाइट. तिच्या थरांची एकमेकांवर पकड नाही. पाणी मिळालं की मध्ये घेते आणि फुगते, ऊन पडलं की आक्रसते आणि भेगाळते. बेंटोनाइट तीच, आणि शेतातली काळी माती तिचीच बहीण. तिसरी इलाइट. रचना फुगणारीचीच, पण थरांच्या मध्ये पोटॅशियम जाऊन बसलेलं, म्हणून फुगता येत नाही.

"आपले अकाउंटंट इलाइट," बाई पोळी मोडत सांगत. "फुगायची हौस दांडगी, पण मध्ये वहिनी बसल्यात."

आणि फुगणाऱ्यांचे शिरोमणी होते पर्सोनेलचे इनामदारसाहेब. वर्क्स मॅनेजरांनी 'गुड मॉर्निंग' म्हटलं की दुपारपर्यंत त्यांचा कोट आखूड पडे. बाई होत्या जालन्याकडच्या, बौद्ध घरातल्या, रेल्वेतल्या गँगमनची मुलगी, भूगर्भशास्त्रात एम. एस्सी. झालेल्या. इनामदार भाषणात त्यांचा उल्लेख 'आमच्या भगिनी' असा करत. भगिनीने डबा पुढे केला की मात्र साहेबांचा उपवास निघे. सोमवारी शंकराचा, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा. बुधवारी पोट बिघडलेलं असे. बाईंनी एकदा मला विचारलं, "एवढे उपास करून हा माणूस वाळत कसा नाही हो?"

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या कामगार-कर्मचाऱ्यांनी घरांची सोसायटी काढली. अध्यक्ष अर्थातच इनामदार. तळवड्याच्या बाजूला एका शेतकऱ्याची जमीन बघायला आम्ही भर वैशाखात गेलो. शेतकऱ्याने पहार हातात दिली.

"मारून बगा सायेब. दगडावानी हाय. हितं घर न्हाई, किल्ला बांधा!"

इनामदारांनी पहार मारली. ती टण्णकन उडाली, साहेबांचे हात झिणझिणले, आणि जमीन पसंत पडली. शेतकऱ्याच्या गावातलं एकूण एक घर पलीकडच्या मुरमाड टेकाडावर का आहे आणि खाली या सपाटीवर एक गोठासुद्धा का नाही, हे विचारायचं आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. रोज आठ तास मातीत किती पाणी घालायचं यावर हुज्जत घालणारी माणसं! कारखान्याच्या गेटवर अंगावरचा डगला काढतात तशी सगळ्यांनी अक्कलही काढून ठेवली होती.

बाईंनी ढेकूळ उचललं, चुरलं, जिभेला लावलं. ते जिभेला चिकटलं. "ही तर आपल्या गोदामातली," त्या म्हणाल्या. इनामदार म्हणाले, "वा! म्हणजे घरचीच माती!"

बाईंना घर हवं होतं. माझ्या माहितीत त्यांना दुसरं काहीच इतकं हवं नव्हतं. कासारवाडीच्या एका खोलीत त्या वडिलांबरोबर राहत. ही खोली मिळण्याआधी आडनाव ऐकून खोल्या 'कालच गेलेल्या' निघाल्या होत्या. म्हातारबाबा मी गेलो की विचारत, "सायब, सुमनच्या घराचं कवा व्हायचं? दारावर तिचं नाव बघायचंय."

घरं रांगेची होती, दोघांत एक भिंत. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा बाईंना मधलं घर निघालं, इनामदारांच्या भिंतीला भिंत. दोन दिवसांत साहेब प्रयोगशाळेत आले. "भगिनी, तुमचे वडील वयस्कर. टोकाचा प्लॉट घ्या. मोकळा आहे, हवेशीर आहे." बाईंनी टोकाचा प्लॉट घेतला. नंतर मला म्हणाल्या, "हवा खरंच चांगली आहे तिथे. साहेबांची नसेल."

पाया किती खोल घ्यायचा, यावर कँटीनमध्ये सर्वसाधारण सभा झाली. बाई काचेच्या दोन उंच नळ्या घेऊन आल्या. दोन्हींत आमच्याच प्लॉटची माती आदल्या दिवशी सारख्या मापाने टाकलेली. एकीत रॉकेल होतं, दुसरीत पाणी. रॉकेलमधली माती होती तेवढीच तळाशी बसली होती. पाण्यातली दुपटीच्या वर चढली होती.

"दुष्काळ आहे म्हणून जमीन आज आक्रसून दगड झालीय," बाई म्हणाल्या. "पाऊस आला की ही अशी उठेल, तुमचं घर डोक्यावर घेऊन. खाली पुरुषभर खोलीवर मुरूम आहे. सगळ्या रांगेचा पाया तिथपर्यंत न्या. एकट्याने नेऊन उपयोग नाही, भिंती जोडलेल्या आहेत."

मग इनामदार उठले. "मंडळी, सोपा उपाय आहे. पायात पाण्याऐवजी रॉकेल ओतू या!"

असा हशा झाला की कँटीनवाल्याच्या हातातून भज्यांचं ताट सुटलं. त्या हशातच नेहमीसारखा उथळ पाया घ्यायचा ठराव मंजूर झाला. विरोधात हात दोनच वर होते, बाईंचा आणि माझा. माझ्या हाताची फार मोठी किंमत धरू नका. घर मी त्याच रांगेत बांधलं, कारण बायकोने पडदे शिवले होते.

बाईंनी मात्र बांधलं नाही. स्वतंत्र पाया घेण्याची परवानगी मागितली, ती 'एकसारखेपणा बिघडेल' म्हणून नाकारली गेली. मी त्यांना समजवायला गेलो. म्हटलं, "बाई, बाबांसाठी तरी."

"बाबांनी जन्मभर रुळाखालची खडी बसवली," त्या म्हणाल्या. "त्यांना मी हलणारं घर दाखवू?"

बाबा दोन वर्षांनी कासारवाडीच्या त्याच खोलीत गेले. खोलीच्या दारावर मालकाचं नाव होतं. त्या दिवशी माझ्या मनात त्या सभेत हसलेले एकेक चेहरे येत होते, आणि आजही ते आठवले की माझं तोंड कडू होतं.

पावसाने आपलं काम त्र्याहत्तरपासूनच सुरू केलं होतं. आधी दारं अडकायला लागली. मग खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघाल्या. उन्हाळ्यात इनामदार त्या सिमेंटने भरत, पावसाळ्यात त्या शेजारून निघत. त्यांच्या संडासाचं दार तर आषाढ ते कार्तिक लागत नसे, त्यामुळे आत असताना साहेबांना मोठ्याने खोकत राहावं लागे. कमिटीने यावर काय केलं असेल? दुसऱ्यांदा वास्तुशांत! होमाच्या जागी बादल्या बादल्या पाणी ओतून अंगण धुतलं, आणि त्या आठवड्यात माझ्या स्वयंपाकघराची भिंत बोटभर उघडली. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "माती मंत्र ऐकत नाही हो. पाणी तेवढं ऐकते."

शेवटी कमिटी झक मारत प्रयोगशाळेत गेली. बाईंनी सगळ्यांना उभंच ठेवलं. "रॉकेल ओतून पाहिलंत का?" एवढंच विचारलं. कोणी हसलं नाही. मग त्या रविवारी आल्या, घराघरांतून फिरल्या. न्हाणीचं पाणी दूर काढा, भिंतीजवळची झाडं हलवा, घराभोवती फरशी करा, मातीला एकदा ओलं एकदा कोरडं करू नका, असं सांगितलं. इनामदारांचं संडासाचं दार स्वतः ओढून पाहिलं. "घर बरं होणार नाही," म्हणाल्या. "दुखणं कमी होईल." आणि तसंच झालं.

टोकाचा प्लॉट तेवढी वर्षं रिकामाच होता. आता परवानगी नाकारायला कोणाला तोंड नव्हतं. बाईंनी मुरमापर्यंत खड्डे घेतले, खांब उभे केले, खांबांवर तुळया टाकल्या, आणि तुळयांच्या खाली मातीला फुगायला मोकळी जागा सोडली. आमच्या रांगेची शेवटची भिंत आणि त्यांची भिंत यांच्यात हातभर फट ठेवली.

गृहप्रवेशाला खीर होती. बुद्धाच्या तसबिरीशेजारी बाबांचा फोटो होता. इनामदार सपत्नीक आले. बाईंनी वाटी पुढे केली आणि विचारलं, "आज कोणता उपास साहेब?" त्या दिवशी साहेबांचा कसलाच उपास नव्हता. दोन वाट्या खीर खाऊन ते बाहेर आले, फटीत हात घालून म्हणाले, "बाई, एवढी जागा उगाच वाया घालवलीत. भिंतीला भिंत लावली असती, तर शेजार झाला असता."

बाई ओट्यावर उभ्या होत्या. "साहेब, चिठ्ठीत माझं घर तुमच्या भिंतीला निघालं होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही मला लांब का केलंत ते तुमच्याच्याने तोंडावर बोलवलं नाही. मी लांब का राहिले ते तोंडावर सांगते. तुम्ही हलता."

इनामदारांनी फटीतून हात बाहेर काढला. त्याला माती लागली होती, ती पुसायला त्यांना जागा सापडेना. बाईंनी आतून तांब्या आणला, त्यांच्या हातावर पाणी घातलं, आणि वळून दारावरची पाटी पदराने पुसली. पाटीवर वर बाबांचं नाव होतं, खाली सुमन सोनवणे.