प्रवासाची घडी

गल्लीत त्याला सगळे ‘कडक’ म्हणायचे. तोंडावर कडककाका, पाठीमागे नुसतं कडक. स्वभावामुळे नव्हे. स्वभावाने तो मवाळच होता. कुणी गिऱ्हाईक तावातावाने बोलायला लागलं तर हा आधी इस्त्री उभी करून ठेवायचा, मग दोन्ही हात टेबलावर टेकून सगळं मुकाट ऐकून घ्यायचा. नाव पडलं होतं ते त्याच्या हातच्या घडीमुळे. त्याने घडी घातलेला शर्ट टेबलावर ठेवला की पुठ्ठा ठेवल्यासारखा आवाज यायचा.

दुकान म्हणजे दाताचा दवाखाना आणि किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी यांच्या मधली एक लांबट खोली. मागच्या बाजूला त्याचं टेबल, त्यावर जागोजागी करपलेलं ब्लँकेट, आणि वाफेने कायम धुरकटलेली खिडकी. पुढच्या बाजूला काउंटर, तिथे त्याची बायको. नवरा-बायकोंनी काम वाटून घेतलं होतं असं म्हणण्यापेक्षा माणूसच वाटून घेतला होता म्हणावं. तिला गिऱ्हाइकांचे चेहरे पाठ, त्याला त्यांच्या सुरकुत्या. कोपराला खोल चुणी असलेला शर्ट टेबलाशी बसून काम करणाऱ्याचा, हे तो बघताक्षणी सांगायचा. पण तो बसणारा समोर येऊन उभा राहिला तर ओळख लागायची नाही. ते काम तिचं. ती एखाद्या दिवसापलीकडे कधी दुकान सोडून गेली नव्हती, त्यामुळे ही दोन अर्धुकं कधी वेगळी पडली नव्हती.

त्याची खरी ख्याती होती ती ‘प्रवासाची घडी’ या कामासाठी. कुणी परगावी नोकरीला निघालं, कुणी मुलाखतीला, की आदल्या दिवशी कपडे घेऊन यायचं आणि म्हणायचं, काका, प्रवासाची घडी घाला. मग तो कपड्याला नेहमीपेक्षा दुप्पट खळ द्यायचा, ओलसर असतानाच इस्त्री दाबून फिरवायचा, घडीच्या पोटात जुन्या वर्तमानपत्राचा कागद सरकवायचा. बॅग उलटीपालटी होवो, वरून सामान पडो, कपडा आपली रेघ सोडायचा नाही. माणसं परत आल्यावर मुद्दाम सांगायला यायची. तेवढं ऐकायला मात्र तो काउंटरपर्यंत पुढे यायचा.

त्या वर्षी बायकोची धाकटी बहीण दवाखान्यातल्या नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाली आणि तिने डोंगरातल्या एका तळ्याकाठी जायचा बेत काढला. फक्त बायका. तिचा फोन आला तेव्हा बायकोने तो स्पीकरवर ठेवला होता, कारण तिच्या दोन्ही हातांत कपडे होते. धाकटी सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, “येशील ना गं?” आणि बायको मागे वळून न बघता म्हणाली, “येईन.”

हे नवीन होतं. तो म्हणाला, “जा की.” पण इस्त्री एकाच जागी अंमळ जास्त रेंगाळली. कापड जळलं नाही, फक्त वास सुटला.

अडचण होती ती बॅगेची. धाकटीने आधीच बजावलं होतं, गाडी लहान आहे, प्रत्येकीची एकच छोटी बॅग, आणि उतरल्यावर पायऱ्या चढून घरापर्यंत जिची तिने न्यायची. तिथे थंडी, म्हणजे स्वेटर, शाल, लोकरीचे मोजे, सगळा फुगीर माल. घरातली एकुलती एक बॅग कपाटाएवढी, आणि बायकोचा उजवा खांदा कपड्यांची गाठोडी उचलून उचलून केव्हाचा कामातून गेलेला. धाकटीकडे त्यावर तोड होती. हल्ली कपडे दाबून बसवायचे चौकोनी पाऊच मिळतात, म्हणाली, अर्ध्या जागेत मावतं सगळं, आणि छोटी बॅग माझी देते.

नवरा-बायको दोघं बॅगांच्या दुकानात गेली. विक्रेती मुलगी उत्साही होती. तिने एका पाऊचमध्ये आपलाच स्वेटर कोंबला, एक चेन लावली, मग तिच्या खालची दुसरी चेन गोल फिरवत आणली, आणि उशीएवढा फुगारा वहीएवढा चपटा झाला. बायकोने तो हातात घेतला, तळव्यावर तोलला आणि हसली. त्याला मात्र त्यात एकेक खोट दिसू लागली. कापड फार पातळ आहे. शिवण टिकायची नाही. वर जाळी कशाला, धूळ जाईल. चेनचे दात बारीक आहेत. आणि मुख्य म्हणजे, तो म्हणाला, कपड्यांचा पार चोळामोळा होणार.

“काका,” मुलगी म्हणाली, “कपडे फिरायला चाललेत की प्रदर्शनात?”

बायको आपली एकेक पाऊच उलटसुलट करत होती. ढीगभर नगांचा स्वस्त संच तिने बाजूला सारला. त्याची चेन कोपऱ्यावर अडकत होती. गोल फिरणारी दुसरी चेनच नसलेलेही एक-दोन होते, दिसायला तसेच पण दाबायचे काहीच नाहीत, तेही तिने ओळखून परत केले. शेवटी जाड दातांच्या चेनचे दोन मध्यम आणि एक लहान असे निवडले. जाळीवाले. आत काय आहे ते दिसलं की उगाच उघडावं लागत नाही, एवढंच म्हणाली. नवऱ्याला तिने विचारलं नाही, आणि विचारलं नाही हे घरी पोचेपर्यंत त्याच्या लक्षात राहिलं.

दुकान बंद असायच्या दिवशी तो तिचे सुती ड्रेस घेऊन एकटाच दुकानात गेला. आयुष्यभर परक्यांसाठी प्रवासाची घडी घातली, घरच्या माणसाची ही पहिलीच वेळ. त्याने खळ नीट गाळून घेतली. गळ्याच्या पट्ट्या, बाह्यांच्या कडा, खिशांचे कोपरे, सगळीकडे जीव ओतला. संध्याकाळी तो चवड घेऊन घरी आला तेव्हा ती इतकी सरळ उभी होती की जणू दुकानातल्या फळीवरून आत्ताच उतरवली असावी.

“किती छान झालेत हो,” बायको म्हणाली, आणि भरायला बसली.

लोकरीचं सगळं आज्ञाधारकपणे चपटं झालं. मग ड्रेसची पाळी आली. पहिली चेन कशीबशी लागली. दुसरी दोन बोटं सरकली आणि थांबली. तिने गुडघा टेकवला. चेन कोपऱ्यापर्यंत आली आणि मागून उघडत गेली. आतले कपडे पाटीसारखे ताठ. दाबावं तिथे दबेनात, सोडलं की पुन्हा वर. तिने एक ड्रेस कमी केला, मग दुसरा. आता राहिलेल्यात भागणार नव्हतं. ती उठली, कपाटावरची जुनी बॅग खाली ओढली, मुठीला धरून उचलून पाहिली आणि दुसऱ्या हाताने खांदा दाबत तिथेच ठेवून दिली.

“राहू दे,” ती म्हणाली. “तिला फोन करून सांगते, पुढच्या वेळी बघू.”

आवाजात राग नव्हता. कुणी शर्ट न्यायला आलंच नाही की तो वरच्या फळीवर सरकवताना तिचा जो आवाज असायचा, तोच आवाज. ती चहा टाकायला आत गेली.

त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं. उन्हातून येऊन थंड फरशीवर पाय ठेवावा तसं वाटलं, आणि ते काय आहे हे कळताच तो जागच्या जागी अवघडला. दाराच्या मागे तिचं नवं जॅकेट टांगलेलं होतं. परवा भर दुपारी, पंखा चालू असताना, ती ते घालून आरशासमोर उभी होती. गळ्यापर्यंत चेन ओढून. कपाळावर घाम, आणि तरीही काढत नव्हती. तो पाणी प्यायला आला होता. बघून न बघितल्यासारखं करून परत गेला होता.

खळ घातलेलं कापड दबत नाही, हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायला हवं होतं का? कापडाने दबू नये म्हणून तर त्याने जन्मभर हात भाजून घेतले. दुकानात त्या मुलीने स्वेटर दाबून दाखवला तेव्हा तो समोरच उभा होता. मग दुप्पट खळ घालताना हे त्याला सुचलंच नाही, की सुचलं होतं? त्याने स्वतःला दोनदा विचारलं.

चहा घेऊन बाहेर आलेल्या बायकोला तो मोरीत बसलेला दिसला. समोर टबात कोमट पाणी, आणि त्यात ती देखणी चवड बुडालेली.

“अहो, हे काय करताय?”

“खळ काढतोय.”

ती कप हातात धरून उभी राहिली. पाणी हळूहळू दुधट होत होतं.

“सगळे चुरगळतील,” ती म्हणाली.

“चुरगळू देत.” त्याने एक बाही पाण्याखाली दाबली. “मी ना, जरा जास्तच घातली होती.”

तिने कप खिडकीत ठेवला, पाट ओढून बसली आणि ड्रेसचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून पिळलं. तिचा डावा हात, त्याचे दोन्ही.

दुसऱ्या दिवशी कपडे वाळले. इस्त्रीशिवाय घडी कशी घालायची हे त्याच्या हातांना ठाऊक नव्हतं. ते आपोआप सपाट जागा शोधत होते. बायकोने दाखवलं. घडी नाही घालायची, गुंडाळायचं. त्याने पहिली गुंडाळी केली ती इतकी वाकडी की ती म्हणाली, हे गिऱ्हाइकाला दिलं असतं तर त्याने परत आणून दिलं असतं. मग तिने चेन फिरवली. ती न अडकता पूर्ण गोल फिरून आली. त्यानंतर तिला कामाचं आठवायला लागलं. शेजारच्या डॉक्टरांच्या निळ्या चौकड्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय, सांगून ठेवा. पियानो शिकवणाऱ्या बाई उद्या येते म्हणतात आणि परवा येतात, घाई करू नका. तो हो हो म्हणत होता, आणि त्यातलं निम्मं त्याच क्षणी विसरत होता.

सकाळी गाडी आली. बायकोने डाव्या हाताने बॅग उचलली आणि स्वतः डिकीत ठेवली. धाकटीने खिडकीतून मान बाहेर काढली.

“एवढीशीच बॅग? भाऊजी, मला वाटलं तुम्ही तिला पुठ्ठ्यात घालून पाठवाल.”

“विचार होता तसा,” तो म्हणाला.

दुकानात मग जे व्हायचं ते झालं. पियानोच्या बाईंचा ब्लाउज किल्लीवाल्याच्या सुनेला गेला. डॉक्टरांचा निळा चौकडा कुणा भलत्यालाच. माणूस समोर आला की तो चेहऱ्याकडे न बघता कोपरांकडे बघायचा, आणि गिऱ्हाईक हात मागे घ्यायचं. लोक चिडले, मग हसले, मग आपापले कपडे स्वतःच शोधून घेऊ लागले.

अशात एका दुपारी फोन वाजला आणि फोटो आला. मागे तळं, आभाळाएवढं. पुढे बायको, जॅकेटची चेन सोडलेली, वाऱ्याने केस तोंडावर, आणि कुणी काहीतरी बोललं असावं, कारण ती तोंड भरून हसत होती. जॅकेटच्या आत हिरवा ड्रेस. त्यावर इतक्या सुरकुत्या की नदीनाल्यांचा नकाशा वाटावा, आणि पोटावरून आडवी गेलेली एक खणखणीत चुणी. त्याचा अंगठा नकळत त्या चुणीवर फिरला. फोटो मोठा झाला आणि नुसता तिचा चेहराच उरला.

दंतवैद्य आपला चौकडा सापडला का ते बघायला आले होते. त्यांनी काउंटरवरून वाकून पाहिलं.

“काय कडककाका, घरच्याच कपड्याला इस्त्री नाही?”

“खळ काढली,” तो म्हणाला. “त्याशिवाय मावत नव्हतं.”

त्याने फोन पाण्याच्या फवाऱ्याच्या बाटलीला टेकवून उभा केला, काउंटरकडे तोंड करून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. थोड्या वेळाने पडदा काळा झाला. त्याने इस्त्री उभी करून ठेवली, पुढे आला, बोट लावून तो पुन्हा उजळवला आणि मग पुढचा शर्ट घेतला.