फाट्यावरचा ठिपका

बदलीचा हुकूम जूनमध्ये हातात पडला आणि दिवाळी होऊन गेली तरी मी त्याच गावात होते. नवी शाळा निर्मलला होती. निर्मलला माझा नवरा आणि सात वर्षांची मुलगी राहत होती, आणि मी इथे महाराष्ट्राच्या सीमेवर, कापसाच्या शेतांमध्ये अडकलेल्या या गावात, भाड्याच्या एका खोलीत. बदली मंजूर झाली होती, पण शाळेत मी एकटीच शिक्षिका. माझ्या जागी दुसरा माणूस येईपर्यंत मला सोडता येत नाही, असं शिक्षणाधिकारी साहेबांचं म्हणणं. आणि मराठी माध्यमाची माणसं तेलंगणात काही झाडाला लागत नाहीत. चौकशीला गेलं की साहेब हसून म्हणायचे, "आप तो अब यहीं की हो गयीं, मॅडम." त्यांचं ते हसणं माझ्या डोक्यात जायचं.

गावात मोबाइलला रेंज नव्हती. शाळा सुटली की मी फाट्यावर जायची आणि बाभळीखाली उभी राहून मुलीला फोन लावायची. "आई, माणूस आला का?" हा तिचा पहिला प्रश्न. नाही म्हटलं की ती फोन बापाकडे द्यायची. मग मी भाजीचं, गॅसचं बोलायची. समोरून आदिलाबादची बस जायची, कंडक्टर ओळखीनं मान हलवायचा, आणि मी परत गावाकडे वळायची. पाच महिने हेच चाललं होतं.

त्या दिवसांत मी तिसरी ते पाचवीच्या मुलांना नकाशा शिकवत होते. तिन्ही वर्ग एकाच खोलीत. आधी वर्गाचा नकाशा केला. काड्यापेट्या म्हणजे बाकं, खडूचा डबा म्हणजे माझी खुर्ची. मुलांना बाकावर उभं करून खाली बघायला लावलं. वरून बघितलं तर वस्तू कशी दिसते, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. चौथीतली एक मुलगी माझ्या टाळूकडे बघत म्हणाली, "म्याडम, वरून तुमी नुसता ठिपका दिसता." मी म्हटलं, शाबास, हेच तर शिकायचंय.

मग कागदावर गाव काढायला दिलं. वरून पाहायचं तर छप्पर नको, म्हणून त्यांनी छपरं काढून टाकली आणि घरोघरी माणसं झोपवली. उभा माणूस म्हणजे ठिपका, आणि ठिपक्यात आई कोण, बाप कोण ते कळत नाही. झोपलेला माणूस ओळखता येतो. मला गंमत वाटली. झोपलेल्या सगळ्यांची डोकी कागदाच्या वरच्या कडेला होती. मी फळ्यावर बाण काढला आणि सांगितलं, नकाशात वरची बाजू म्हणजे उत्तर.

मघाचीच मुलगी हळूच म्हणाली, "उत्तरेले डोकं मेल्या माणसाचं करतेत, म्याडम." बाकीच्यांनी आपापले कागद उलटे करून ठेवले.

मी चिडले. पुस्तकातला नियम आहे, त्याला घाबरायचं काय, असं बरंच काही बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीची आई कापूस वेचायला जाता जाता शाळेच्या दारात उभी राहिली. डोक्याला फडकं, कमरेला वेचणीची ओटी. भांडायला आली नव्हती. "म्याडम, आमी अडाणी मान्सं," ती म्हणाली, "पण जित्या गावाले असं काऊन निजवून राह्यले तुमी?" उशी उत्तरेला येते म्हणून मी माझ्या खोलीतली खाटसुद्धा पहिल्याच दिवशी फिरवून घेतली होती.

म्हणून तडजोड केली. कागद फिरवा, पूर्व वर घ्या, फक्त उत्तरेचा बाण विसरू नका. मुलांनी असे काही सुरेख नकाशे काढले की मी ते भिंतीला लावले. कुणीही विचारावं, मारुतीचं देऊळ विहिरीच्या कोणत्या बाजूला, आणि तिसरीतलंही पोर बाण बघून बिनचूक सांगायचं.

नोव्हेंबरात साहेबांनी सांगितलं, शाळा बघायला येतो. मुलं तयार दिसली तर बोथ गावच्या शाळेतली एक बाई तात्पुरती देतो आणि तुम्हाला त्याच दिवशी सोडतो. नकाशे मात्र आवर्जून दाखवा. त्या संध्याकाळी फाट्यावरून मी मुलीला सांगून टाकलं की आई येतेय. तिनं फोन बापाकडे दिलाच नाही, कधी, किती वाजता, विचारत राहिली. सांगायला नको होतं, हे मला तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरचे नकाशे उतरवले. पूर्व वर असलेला नकाशा साहेबांना चुकीचाच वाटणार. मुलांना कोरे कागद दिले आणि सांगितलं, उत्तर वर, आणि माणसं मुळीच काढायची नाहीत. मुलं खाली मान घालून काढू लागली. मीही त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. कागद गोळा केले ते न बघता कपाटात ठेवले. मन कधीच निर्मलला पोचलं होतं.

साहेब आले त्या दिवशी त्यांनी एकेक कागद उचलून पाहिला. रस्ता, विहीर, देऊळ, शाळा, ओढा, सगळं जागच्या जागी होतं. साहेबांनी विचारलं, "गाँव में घर नहीं हैं क्या?" तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. एकाही कागदावर एकही घर नव्हतं.

ती मुलगी उभी राहिली. "मान्सं नाई काढली तरी घरात मान्सं हायेतच ना," ती म्हणाली. "म्हणून घरं नाई काढली."

साहेबांनी कागदाच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे फाट्यावर एक ठिपका होता. "और ये?"

"म्याडम," ती म्हणाली. "त्या उभ्या हायेत. उभं चालते."

साहेब माझ्याकडे वळले. आता सगळं सांगणं भाग होतं. झोपलेली माणसं, उत्तरेला डोकं, भिंतीवरून उतरवलेले नकाशे. कपाटातून ते जुने नकाशेही काढून दाखवले. साहेबांनी शांतपणे ऐकलं. या खेपेला ते हसले नाहीत, त्यांना खरंच आवडलं होतं. म्हणाले, "बोथवाली मॅडम को ये सब समझ में आता क्या? आप ही रहिए." शेऱ्याच्या वहीत माझं भरपूर कौतुक लिहून ते जीपमध्ये बसले.

मला रडू येत होतं आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. वर्गात परत आले तर त्या मुलीनं आपला कागद फिरवून पूर्व वर घेतली होती आणि ती भराभर घरं काढत होती. तिचं घर झालं, शेजाऱ्यांचं झालं, मग माझी खोली. पेन थांबवून तिनं विचारलं, "म्याडम, तुमाले आता घरात निजवू का?"

साडेचार वाजत आले होते. निर्मलला मुलगी फोनची वाट बघत असणार.

"निजव," मी म्हटलं.

तिनं मला खोलीत झोपवलं, डोकं नीट पूर्वेला केलं. फाट्यावरचा ठिपका मात्र तिनं खोडला नाही.