आईचं न लिहिलेलं पुस्तक

काल एका मुलीच्या प्रबंधाच्या शेवटच्या पानावर मला माझी आई भेटली.

संदर्भसूचीची मांडणी कुणालाही हवी तशी बदलता यावी म्हणून आम्ही काही ग्रंथपाल एक संकेतस्थळ चालवतो. त्याचं मदतीचं पान लिहिताना मी नमुना म्हणून आईच्या नावावर एक खोटंच पुस्तक टाकलं होतं, 'कैरीचे दिवस'. ही मुलगी तो नमुना आपल्या यादीत उतरवून मग पुसायला विसरली, आणि चौथीत शाळा सुटलेली आई मोठमोठ्या पंडितांच्या रांगेत जाऊन बसली. खरं तर तिच्याकडून शिकलेलं किती काही मी रोज वापरते; संदर्भ कधी दिला नाही.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "आधी त्या पोरीला कळव, तिचं नुकसान नको." मग पदराला हात पुसत जवळ आली. "पण काढायच्या आधी मला एकदा दाखव गं."