काकांची सूचना आणि ग्वाल्हेरचा नकाशा

ऑफिसात मी सांगितलं, किल्ला बघायला चाललेय. खरं कारण होते काका, म्हणजे दौलतगंजातल्या माझ्या मावशीचे यजमान. ग्वाल्हेरच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला होता आणि त्यातली रुंद रस्त्याची रेघ त्यांच्याच गल्लीवरून जात होती. "अर्ज टाइप करायला ये," एवढंच ते फोनवर म्हणाले.

जायचं तर थंडीत जा. पुण्याहून थेट गाडी मिळते, स्टेशनबाहेर ऑटोवाल्याशी भाव मात्र आधी ठरवा. पहिल्या दिवशी किल्ला चढले, चांगलाच दम लागला. सकाळी गरम बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि बटाट्याची रस्सेदार भाजी खाल्ली होती म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी अर्जाला बसलो. मी वर 'आपत्ति', म्हणजे हरकत, असं टाइप केलं, काकांनी ते खोडायला लावलं. "सुझाव लिही, सूचना. रस्ता चौडा झालाच पाहिजे."

मी चाटच पडले. त्या रेघेत त्यांची स्वतःची बैठकीची खोली जात होती. गेल्या वर्षी मावशीला हृदयविकाराचा झटका आला तेव्हा अँब्युलन्स गल्लीच्या तोंडाशीच अडकली आणि शेजारच्या चौघांनी तिला खाटेसकट उचलून नेलं. त्या चौघांतले एक रामबाबू, समोरचे बांगडीवाले. रेघ पक्की झाली तर त्यांचं अर्धं दुकान जाणार.

सुनावणी सिटी सेंटर भागातल्या सरकारी कार्यालयात होती. मसुदा लोकांपुढे ठेवतात, हरकती-सूचना ऐकतात आणि मगच आराखडा पक्का होतो. आम्ही एकाच ऑटोने गेलो. रामबाबूंच्या खिशात हरकतीचा अर्ज होता. काकांच्या अर्जात काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मला तर वाटभर त्यांच्याकडे बघवेना.

अधिकाऱ्याने नकाशावर बोट ठेवलं. "दादाजी, इसमें आपका कमरा भी जा रहा है."

"जानता हूँ. चार लोगों ने खाट उठाई, इसलिए मेरी पत्नी जिंदा है. हर बार चारों घर पर हों, जरूरी नहीं."

रामबाबूंनी ऐकलं. तरी स्वतःची हरकत त्यांनी दिलीच, हात जोडून, दुकानाच्या कमाईवर तीन पोटं आहेत म्हणून. येताना पाटणकर बाजारात रामबाबूंनी ऑटो थांबवला, उतरून तीळगुळाची गजक घेतली आणि काकांच्या मांडीवर ठेवली. "चाचीजी के लिए."

पुण्यात आल्यावर लोकांनी किल्ल्याचे फोटो मागितले, ते दाखवले. मला मात्र तो परतीचा ऑटो आठवतो. त्या दोघांमध्ये बसायला मिळालं, याचे आभार कोणाचे मानू ते कळत नाही.

परवा मावशीचा फोन आला. आराखडा अजून पक्का झालेला नाही. "पण रामबाबूंनी दुकानापुढचा, गल्लीत आलेला ओटा स्वतःच तोडून घेतला गं," ती म्हणाली. "हरकत काही मागे घेतली नाही हं."