टेलिफोनचं हँडल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतोय — सांगून काय होणार? काहीच नाही.

कॉलेजात आमच्या कॅडेट तुकडीकडे लष्करी फील्ड टेलिफोनची जुनी जोडी होती. त्याला एक्सचेंज लागत नाही. दोन टोकांना दोन पेट्या, मध्ये दुपदरी तार. बोलणं पेटीतल्या बॅटरीवर चालतं. पण पलीकडची घंटा वाजवायला बाजूचं हँडल फिरवावं लागतं. त्यानं आतलं छोटं जनित्र फिरतं आणि तारेत वीज जाते. उघडी तार कुणी धरली असेल, तर झटका त्याला बसतो. म्हणून शिस्त होती — तार जोडणारा ती दोनदा ओढेल, मगच हँडल फिरवायचं.

दिलीप माझा मित्र. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, त्यात त्याच्या आईच्या डब्यांचा वाटा आहे. हे विसरलेलो नाही — विसरता आलं असतं तर? तो चपळ होता, सैन्यभरतीची तयारी करत होता. गिरडच्या कॅम्पात तुकडीचे सर त्याचंच कौतुक करत. सगळ्यांसमोर तो मला म्हणाला, "तुले फॉर्म्युले येते बे, गाठ नाई येत! तू खालीच बस, पेटी सांभाळ." सगळे हसले. मीही हसलो — का हसलो?

कडुनिंबावरून नेलेली तार मध्येच तुटली होती, ती जोडायला तो झाडावर चढला. तुटलेल्या तारेची टोकं आम्ही सगळेच दातांनी सोलायचो. "मी ओढल्याबिगर फिरवू नको बे!" तो वरून ओरडला आणि दोन्ही पदर दातात धरले. मला खालून स्पष्ट दिसत होतं. तार ढिली होती. ढिलीच होती — आणि मी हँडल फिरवलं.

तो पडला. मांडीचं हाड मोडलं, पाय आखूड राहिला, भरती संपली. सर धावत आले. मी म्हणालो, त्यानं तार दोनदा ओढली. दवाखान्यात तोच माझी समजूत घालत होता, "माहाच हात हालला असन, तार ओढल्या गेली असन. तू काऊन रडून राह्यला?"

मी आता विज्ञान शिकवतो. त्याचं सिंदीला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. परवा तो लंगडत मुलीला घेऊन आला. तिला पोलीस भरतीत उतरायचंय. माझ्याकडे बोट दाखवून तो तिला म्हणाला, "सरायसारखं डोकं शांत ठेवजो, बेटा. मी घाई केली, तं पाय गेला."

ती माझ्याकडे पाहत होती. मी मान हलवली. "बरोबर आहे," असं म्हणालोसुद्धा.