आठ नंबरचा जोड

दुपारचे चार वाजून वीस मिनिटं झाली होती. मापवाले काका एका गिऱ्हाइकाचा बूट मांडीवर पालथा घेऊन तळाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते.

"जिना उड्या मारत उतरता," ते म्हणाले. "म्हणजे रोज उशीर होतो."

"काका, एवढं कळतंय तर लग्न कधी होईल तेही सांगा की!"

"आधी वेळेवर निघायला शिका. मुलगी एक वेळ थांबेल, बस थांबायची नाही."

गिऱ्हाईक हसत गेलं. काका एकतीस वर्षं बूट बनवतात आणि दुरुस्त करतात. दोन्ही पायांचं माप वेगवेगळं घेतात, म्हणून हे नाव पडलं. दुकानात दोन माणसं बसली की तिसऱ्याला उंबऱ्यात उभं राहावं लागतं. हातात आलेला बूट ते आधी पालथा करतात, मग बोलतात. माणूस कसा चालतो, ओझं कोणत्या खांद्यावर घेतो, हे त्यांना टाचेवरून कळतं.

एकदाच त्यांनी बूट पालथा करून पाहिला नव्हता.

त्यांचा मुलगा सैन्यात होता. तीन वर्षं नोकरी झाली होती, वय बावीस. सरावाला जाताना गाडी दरीत कोसळली. तिघे गेले. महिन्याभराने त्याची पेटी घरी आली, सोबत वस्तूंची यादी. यादीत अकरावी वस्तू होती : बूट, काळे, एक जोड, नंबर आठ. मुलाचा नंबर आठच. काकांनी पोचपावतीवर सही केली.

पेटी आल्यावर नवव्या दिवशी त्यांनी बूट हातात घेतले. मुलगा दहा वर्षांचा असताना त्याचा डावा घोटा मोडला होता. तेव्हापासून तो डावा पाय बाहेरच्या बाजूला टेकायचा. त्याची डावी टाच नेहमी बाहेरून झिजायची, काकांनीच ती दर चार महिन्यांनी बदललेली. या जोडाच्या दोन्ही टाचा आतून झिजल्या होत्या. हे पाय दुसऱ्या कुणाचे होते.

त्यांनी अर्ज केला. उत्तर आलं : वस्तू यादीप्रमाणे सुपूर्द केल्या असून पोचपावतीवर आपली सही आहे. मग त्यांनी मुलासोबत गेलेल्या दोघांच्या घरचे पत्ते मागितले. ते देता येत नाहीत, असं दुसरं उत्तर आलं. तिसऱ्या अर्जाला उत्तर नाही. आपल्या मुलाचे बूट कुठल्या तरी घरात दुसऱ्याचे म्हणून ठेवलेले असणार, एवढंच त्यांना कळलं. बायकोला त्यांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी पाचच्या सुमारास बायको दुकानात आली. कापडी पिशवीतून तिने बूट काढले आणि त्यांच्यासमोर ठेवले. मुलाच्या शाळेने त्याच्या आठवणीसाठी काचेचं कपाट केलं होतं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता बूट त्यात ठेवायचे होते.

"टाचा नव्या लावा."

"अगं, राहू दे. वापरलेले दिसले तर बरं."

"लोक काय म्हणतील? बाप बूट शिवतो आणि पोराच्या बुटाला धड टाच नाही."

"सकाळी करतो."

"तुमची सकाळ मला ठाऊक आहे. मी बसते इथे. करा."

ती स्टुलावर बसली. डावा बूट तिने मांडीवर घेतला आणि सवयीने आत हात घातला, बोटांपर्यंत. घरी ती रोज असंच करते. काकांनी पक्कड उचलली, परत ठेवली. त्या झिजलेल्या टाचा हा त्यांच्याकडचा एकमेव पुरावा होता.

"अगं, हे बूट..."

"काय?"

तिचा हात अजून बुटाच्या आत होता.

"आत ओल नाही ना लागत?"

"छे! कोरडे ठणठणीत आहेत. त्याला पहिल्यापासून नीट ठेवायची सवय. तुमच्यासारखा नव्हता तो."

"नव्हता," काका म्हणाले.

त्यांनी उजव्या टाचेचे खिळे उपटले, मग डावीचे. नवं रबर कापलं, चिकटवलं, ठोकलं, कडा घासल्या. पाऊण तास लागला. दोन्ही टाचा सरळ झाल्या. असे बूट आता कुणाचेही असू शकत होते.

"शोभतात," ती म्हणाली. "सहा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी मनासारखं झालं."

तिने बूट पिशवीत घातले. मग पदर खोचून दुकान झाडलं. चामड्याचे तुकडे, वाकलेले खिळे आणि दोन जुन्या टाचा सुपलीत भरून तिने बाहेरच्या डब्यात टाकल्या. काका बघत राहिले. हात पुढे केला असता तर तिने विचारलं असतं, कशाला हव्यात. त्याचं उत्तर त्यांच्याकडे एकच होतं.

सात वाजता दोघांनी मिळून शटर खाली ओढलं.

या गल्लीत कचऱ्याची गाडी सकाळी सव्वासातला येते. दुकान नऊला उघडतं.